लेडीज लियाकत

आष्ट्याच्या लियाकत पिंजारीला मिशा होत्या आणि त्याही चांगल्या भरघोस, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण ज्यांनी त्याला नुसतं ऐकलं, त्यांचा यावर अजून विश्वास बसत नाही. तासगाव, पलूस, विटा, पार वर दहिवडीपर्यंत कुठंही लग्नाच्या वरातीत नवप्रभात ब्रास बँडची हातगाडी निघाली, की गाडीवरच्या कर्ण्यातून बाईचा आवाज यायचा. उंच, गोड, किंचित नाकातला. "कोण गं बाई ही?" म्हणत बाया गाडीमागं जाऊन बघायच्या, तर तिथं बॅटरीच्या खोक्यावर एक काटकुळा मिशाळ बाप्या, डोळे मिटून, माईक तोंडाशी धरून बसलेला. मग हसून हसून पुरेवाट. लियाकत डोळे उघडायचा नाही. हसून झालं की याच बाया तिथंच उभ्या राहून ऐकणार, हे त्याला ठाऊक होतं.

घरचा धंदा कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायचा. गाणं घरात कुणाच्या सात पिढ्यांत नव्हतं. लियाकत चौदाव्या वर्षी बँडमध्ये गेला तो झांज वाजवायला, कारण झांज वाजवायला काही यावं लागत नाही असं त्याच्या बापाचं मत होतं. बँडचा मास्तर केरबा, त्याच्याहून दहाएक वर्षांनी मोठा. क्लॅरिनेट वाजवायचा आणि सगळ्या जगाला शिव्या द्यायचा. दुसऱ्याच वर्षी माण तालुक्यातल्या एका लग्नात ऐन पाठवणीच्या वेळी केरबाच्या क्लॅरिनेटची तोंडाकडची, सूर काढणारी पत्ती चिरली. जीप उभी, नवरी रडून रडून अर्धी झालेली, आणि वाजंत्री गप्प. त्या भागात पोरीनं वाजल्याशिवाय वेस ओलांडू नये असं मानतात. मुलीचा बाप लालासाहेब, मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेला, तापला. "अरं वाजवा की! का माझ्या पोरीला मयतावानी न्हेता?"

केरबा घाबरून पोराकडं बघायला लागला आणि पोरानं, कुणी सांगितलं नसताना, क्लॅरिनेटच्या पट्टीत तोंडानंच सूर धरला. तो सूर बाईचा होता. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. एवढ्या उंच पट्टीत दुसरा आवाज निघतच नव्हता, असं तो नंतर म्हणायचा. सगळ्या मांडवाला हुंदका फुटला. सुभेदार लालासाहेबांनी सकाळपासून चारचौघांत सांगितलं होतं की आम्ही लढाई बघितली आहे, आम्ही रडत नसतो. त्यांनी "बंद करा रं ते!" म्हणून हात वर केला आणि लगेच फेटा तोंडावर ओढून "चालू द्या, चालू द्या" म्हणाले. त्या दिवशी लियाकतची झांज सुटली.

केरबानं मग त्याच्यासाठी एक गाणं बांधलं. केरबा काही कवी नव्हता, पण त्याच्या तीन बहिणी सासरच्या वाटेला लागल्या होत्या आणि तेवढं भांडवल त्याला पुरलं.

*चुलीपाशी माझी जागा, आई मोकळीच ठेव गं,*
*सवय जाईस्तोवर भाकर, एक जास्ती थाप गं.*

एवढंच, पुढं आणखी दोन कडवी. पण या गाण्यानं पंचवीस वर्षं सांगली-साताऱ्याच्या आयांना रडवलं. त्याची एक रीत लियाकतनं स्वतः बसवली होती. पोरीकडं बघायचं नाही. आईच्या हाताकडं बघायचं. पोरीचा हात आईच्या हातातून सुटेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि सुटला की श्वासभरही थांबायचं नाही. लवकर सुरू केलं तर माणसं गाणं ऐकतात, उशीर केला तर गाडी निघून जाते. या मधल्या क्षणात आवाज लागला, तर दगडालाही पाझर फुटतो. लोक ब्राह्मणाकडं तिथी काढायला जायच्या आधी केरबाकडं येऊन विचारायचे, "लियाकत मोकळा हाय का?" नसला तर तिथी पुढं ढकलायचे. नटापेक्षा जास्त मान होता त्याला, आणि नाव पडलं होतं लेडीज लियाकत. या नावानं हाक मारली की तो ओ द्यायचा. त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता. इतरांना वाटू शकतो हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही, आणि त्याच्या आयुष्याचा घोळ झाला तो इथंच.

मग डॉल्बी आली. डॉल्बीबद्दल काय सांगायचं! भिंती हादरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, आणि पोरं म्हणतात मजा आली. नवप्रभातच्या चोवीस माणसांची सोळा झाली, सोळाची नऊ. ट्रंपेटवाला साखर कारखान्यावर वॉचमन झाला, ढोलवाल्यानं वडापावचा गाडा टाकला. राहिले ते नऊजण नुसते पाठवणीपुरते जायचे. दिवसभर डॉल्बी दणदणायची आणि शेवटच्या दहा मिनिटांना कुणीतरी म्हातारी हट्ट धरायची, की मला लियाकत पाहिजे. पुढं पुढं त्या म्हाताऱ्याही गेल्या. लियाकत पुन्हा गादीच्या दुकानात कापूस पिंजत बसला. दिवसभर धूळ, आणि धुळीवर उतारा म्हणून विडी. बायको अख्तरबी म्हणायची, "आवं, धूळ काय कमी हाय म्हणून वर धूर घेता?" तो हसायचा.

त्यांना एकच मुलगी, नूरीन. तिच्यावर त्याचा जीव किती, ते सांगायला शब्द नकोत, गावाला ठाऊक होतं. ती फार्मसी शिकली, आष्ट्यातच एका औषधाच्या दुकानात कामाला लागली. कराडच्या मोहसीनचं स्थळ आलं. मुलगा कतारला एसी बसवायच्या कामावर, निर्व्यसनी, घरचे लोक सालस. सगळं जमून आलं. मोहसीनची चाळीस दिवसांची सुटी मोहरमच्या मध्यावर सुरू होत होती. मोहरमात लग्न लावत नाहीत, पुढच्या सफर महिन्याचे पहिले तेरा दिवसही जड मानतात. ते उलटल्यावर, सुटी संपायच्या आत, एक रविवार धरला. बकरी ईद नुकतीच झाली होती, म्हणजे हातात सव्वादोन महिने होते.

आणि बरोबर त्याच आठवड्यात मिरजेच्या डॉक्टरांनी लियाकतच्या घशात दुर्बीण घातली.

आवाज बसला होता चार महिने. धूळ आहे, सर्दी आहे, हळद-दूध घ्या, असं करत करत शेवटी अख्तरबीनं ओढून नेलं. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. "कॅन्सर आहे. पण अजून स्वरयंत्राच्या बाहेर गेलेला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला इथं भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. जगाल तुम्ही, मामा. पण पंधरा-वीस दिवसांत करू या, थांबायचं नाही."

"आन् गाणं?" लियाकतनं विचारलं.

डॉक्टरांना वाटलं हा गंमत करतोय. "बोलणंच जाणार आहे, गाण्याचं काय घेऊन बसलात? पुढं बोलायला यंत्र मिळतं."

मिरज स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत दोघं बसले. अख्तरबी रडत होती, पण तिच्या मनात सगळं ठरलं होतं. "उद्याच कराडला फोन करते. लगीन पुढच्या सुटीला करू. तुमचं आधी."

"नगं," लियाकत म्हणाला. "लगीन हाय तसंच. ऑपरेशन मागनं."

"याड लागलं का काय तुमाला?"

"अगं, तीनशे-चारशे पोरी वाटेला लावल्या मी. कुठल्या कुठल्या गावच्या, न नात्याच्या न गोत्याच्या. आन् माझी एकुलती एक पोर मुक्यानं जाऊ दे म्हणतीस? मला फकस्त तेवढं एक गाणं म्हणू दे. दुसऱ्या दिवशी चल, तुझ्या हातानं गळा कापून घेतो."

"तिनं मागितलंय का गाणं?"

"मागायचं असतं व्हय ते?" लियाकत म्हणाला.

इथं मला त्याचा राग येतो. आजही येतो. सव्वादोन महिने होते, पोर त्याच्याच घरात दोन वेळा जेवत होती, आणि या माणसाला एकदा तिला विचारावंसं वाटलं नाही. पण त्यानं कुठल्याच पोरीला कधी विचारलं नव्हतं. नवरीला कोण विचारतं? बोलावणं यायचं ते बापाकडून, रडायची ती आई. त्याला वाटलं, इथं तर बापही मीच आहे. त्यानं अख्तरबीला नूरीनच्या डोक्यावरची शपथ घातली, की पोरीला यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं तर ती लग्न मोडून बसेल.

मग त्यानं आवाज साठवायला घेतला. हो, साठवायला. बोलणंच बंद केलं. घशाला फोड आहे, डॉक्टरांनी मौन सांगितलंय, असं नूरीनला सांगितलं. चहा हवा असला की पेला वाजवायचा, बाहेर जायचं असलं की टोपी दाखवायचा. विडी त्या दिवसापासून सोडली, ते एक बरं झालं, पण बैल गेला आणि झोपा केला. दर शुक्रवारी नमाजानंतर केरबा दुकानात यायचा, मागच्या खोलीत कापसाच्या गठ्ठ्यांत दोघं बसायचे, आणि लियाकत फक्त पहिलं कडवं म्हणून बघायचा.

पहिल्या शुक्रवारी नेहमीच्या काळी पाच पट्टीत वरचा सूर फाटला. केरबानं पट्टी खाली घेतली. तिसऱ्या शुक्रवारी आणखी खाली. मोहरमचे डोले उठले, पीर थंड झाले, मोहरम सरला, सफरचे तेरा दिवस लागले आणि गाणं उतरत उतरत काळी एकवर आलं. आता ते ना बाईचं राहिलं होतं, ना बाप्याचं. केरबा सत्तरीचा, तोंडात दात चार, पण कान शाबूत. त्याला सगळं समजलं होतं. एके दिवशी क्लॅरिनेट मांडीवर ठेवून तो म्हणाला, "लियाकत, गड्या, आता ह्याच्या खाली किती न्हेऊ? ह्याच्या खाली गाणं न्हाई रं, कण्हणं हाय. जा की मिरजंला."

लियाकतनं बोटं दाखवली. नऊ. नऊ दिवस राहिले होते. गळ्याच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती, ती मफलरखाली होती.

लग्नाच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. आष्ट्यातलं कार्यालय, निकाह झाला, जेवणं झाली. नवप्रभातचे उरलेसुरले नऊजण जुने लाल कोट घालून रस्त्यावर उभे राहिले. कोट कुणालाच होत नव्हते, बटणं उघडी टाकली होती. जुना ढोलवालाही त्या दिवशी वडापावचा गाडा बंद ठेवून आला होता. केरबानं प्लास्टिकचा कागद धरून कर्णा झाकला होता. चार वाजता मोहसीनची गाडी फुलं लावून दारात आली, आणि लियाकत पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला आत खोलीत गेला. पहाटेपासून त्यानं चार वेळा वाफ घेतली होती. आज आवाज बरा लागणार असं त्याला वाटत होतं.

नूरीननं बाकीच्यांना बाहेर काढलं. दोघंच राहिले. ती मेंदीकडं बघत होती.

"अब्बा, एक मागू का? रागवू नका."

त्यानं मान हलवली. माग की.

"बाहेर केरबामामा आलेत. बघितलं मी खिडकीतनं. अब्बा, तुमी गाऊ नका."

त्याला वाटलं, हिला घशाच्या फोडाची काळजी. त्यानं हातानं खूण केली, की काही होत नाही.

"तसं न्हाई अब्बा." ती आता रडायला लागली. "मोहसीनचे मित्र मोबाईल धरून उभे हायेत. तुमी बाईच्या आवाजात गायला लागलात की ते हसतील. टाकतील ते कुठंतरी. शाळेत मला लेडीजची पोरगी म्हणायचे. दहावीपर्यंत म्हणायचे. मी घरी कधी सांगितलं न्हाई. कॉलेज मी सांगलीला का घेतलं, तुमाला काय वाटलं? कराडला मी सांगितलंय, गादीचा धंदा हाय म्हणून. आज एक दिवस नका गाऊ. माझ्यासाठी."

ती वाईट पोर नव्हती, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. तेवीस वर्षांची होती, परक्या घरी निघाली होती, आणि जे तिला आयुष्यभर खुपलं तेच दारात लाल कोट घालून उभं होतं. तिनं हात जोडले तेव्हा त्यानं ते जोडलेले हात धरले आणि खाली केले. मग डोक्यावर हात ठेवला. "बरं," एवढंच तो म्हणाला. सव्वादोन महिने साठवलेल्या आवाजातून एवढंच खर्च झालं.

बाहेर येऊन त्यानं माईकची वायर काढून केरबाच्या हातात दिली. अख्तरबी पोरीचा हात धरून पायऱ्या उतरत होती. गाडीपाशी तिचा हात सुटला, आणि लियाकत सवयीनं श्वास भरून घेऊन उभा राहिला, तसाच. केरबानं एकट्यानं क्लॅरिनेटवर चाल वाजवली, तीही नेहमीच्या पट्टीत, उंच. एखाददोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्याला लावला. मोहसीनच्या मित्रांनी गाडीतलं गाणं मोठ्यानं लावलं आणि गाडी गेली.

मंगळवारी दोघं मिरजेला गेली. डॉक्टरांनी गाठ चाचपली, पुन्हा फोटो काढायला लावले, आणि जुने कागद शेजारी ठेवून बघितले. "कुठं होता हो तुम्ही इतके दिवस?" त्यांचा आवाज चढला. अख्तरबी म्हणाली, "पोरीचं लगीन होतं." रोग गळ्याच्या मोठ्या शिरेला चिकटला होता. आता कापायला जागा नव्हती. किरणांचे शेक देऊ, दुखणं जरा कमी होईल, जेवण जाईनासं झालं की पोटातून नळी टाकू, असं त्यांनी सांगितलं. किती दिवस, हे लियाकतनं विचारलं नाही आणि अख्तरबीला विचारवलं नाही.

शुक्रवारी पहिल्या जुमागीला नूरीन आणि मोहसीन आष्ट्याला आले. लग्नानंतरचा पहिला शुक्रवार मुलगी-जावयानं माहेरी जेवायचा असतो. अख्तरबीनं बिर्याणी केली होती. नूरीन हसत होती, कराडच्या घरचं सांगत होती, सासू कशी साधी आहे ते सांगत होती. मोहसीन खरंच भला मुलगा. त्यानं सासऱ्याजवळ बसून विचारलं, "अब्बा, घसा अजून बरा न्हाई का?" आणि पाणी प्यायला उठलेल्या नूरीनच्या नजरेला फळीवरची दवाखान्याची फाईल पडली.

औषधाच्या दुकानात चार वर्षं काढलेली पोर ती. असले कागद तिला कुणी वाचून दाखवायला लागत नव्हते. तिनं वरचा कागद वाचला. मग खालचा. मग पहिला, बकरी ईदनंतरच्या आठवड्यातला. भात ताटात निवत होता.

"जूनमधी सांगितलं होतं," ती म्हणाली. "जूनमधी! स्पष्ट लिवलंय इथं, लगेच ऑपरेशन करा. बरे झाला असतात. अम्मी, तुला ठाऊक होतं?"

अख्तरबीनं तोंड उघडलं. लियाकतनं ताटावरून हात लांब करून तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट की तिच्या दोन बांगड्या फुटल्या.

"दोन महिने काय करत होता तुमी, अब्बा?"

बाईचा आवाज कधीच गेला होता, आता त्याचा स्वतःचाही फक्त वारा उरला होता. त्या वाऱ्यातून तो म्हणाला, "भ्या वाटलं. ऑपरेशनचं."

नूरीन त्याच्यापाशी बसली, त्याच्या गुडघ्यावर डोकं आपटून रडली, आणि माणूस आपल्याच माणसावर जसा चिडतो तशी चिडली. "भ्या वाटलं! एवढ्या मोठ्या माणसाला भ्या वाटलं! मला एक शब्द सांगितला असतात तर मी लगीन पुढं ढकललं असतं. मला काय घाई होती? पुढच्या वर्षी केलं असतं की. सांगायला काय झालं होतं तुमाला? तुमी पहिल्यापासनं असेच. एवढी वर्षं लोक लेडीज लेडीज म्हणायचे, एकाला तरी उलट बोललात का? भित्रेच हाय तुमी, अब्बा."

लियाकतनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मान हलवली. व्हय, म्हणाला, तसंच हाय.